अण्णा मास्तरांनी बेल का उचलला

मंडळी, बसून घ्या. मागं उभे आहेत त्यांनी पुढं या, सतरंजीवर जागा आहे.

भवानी पेठेतल्या या वाचनालयात इतकी माणसं मी पुष्कळ दिवसांत पाहिली नव्हती. अण्णा मास्तरांची रविवारची बैठक भरात होती तेव्हा अशी गर्दी व्हायची. आज ती त्यांच्या शोकसभेला झाली आहे. मी वकील माणूस, बोलण्यावर पोट भरणारा. पण आज तोंड उघडवत नाही. दुःख तर आहेच. त्याहून दुसरीच एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही. काल मास्तरांच्या घरी जाऊन वहिनींना ती आधी सांगितली. त्या म्हणाल्या, "सभेत सांगा. पण सावकाश सांगा." तसंच सांगतो.

माझ्या आधी जे बोलले, त्या सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली. मास्तर आधी नास्तिक होते. मग त्यांनी सिद्धेश्वरापुढं बेल उचलला, आणि देवानं त्यांना पदरात घेतलं.

मंडळी, तसं झालं नाही.

मास्तर मूळचे करकंबचे. इथं शाळेत गणित शिकवायचे. रविवारी दुपारी या टेबलाशी बसायचे आणि विचारायचे, देव आहे का? आहे तर कशावरून? मी त्यांच्या विरुद्ध बाजूला. मी देव मानणारा, आजही मानतो. मी म्हणायचो, "मास्तर, कापड दिसलं की विणकर असणारच. मग एवढं जग विणणारा कुणी नको?"

ते म्हणायचे, "वकील, विणकर मी रोज डोळ्यांनी बघतो, म्हणून कापडावरून त्याचा अंदाज बांधतो. जग विणणारा तुम्ही कुठं बघितलात? आणि असलाच, तर सांगोल्याकडचा पावसाचा धागा त्याच्या हातून सारखा कसा तुटतो?"

मी मग शेवटचं हत्यार काढायचो. देव नसेल तर माणूस चोरी का करणार नाही? मास्तर हसायचे. "तुम्ही देवाला भिऊन चोरी करत नाही. चोर शिपायाला भिऊन करत नाही. तुमचा शिपाई मोठा, एवढंच." मग चेहरा गंभीर व्हायचा. "शब्द पाळायचा तो वरून कुणी बघतंय म्हणून नाही, वकील. ज्याला दिला तो माणूस त्या शब्दावर भार टाकून उभा असतो, म्हणून."

बैठकीत हे बोलणं सोपं होतं. पुढं जे झालं ते सोपं नव्हतं.

मास्तरांच्या शेजारी नरसव्वा राहते. ती आज इथं आलेली आहे. नवरा हातमागावर बसायचा, सुताचे व्यापारी मल्लाप्पा यांच्या वडिलांसाठी विणायचा. वडिलांनी आजारपणात त्याला बोलावून सांगितलं, "तू राहतोस ती जागा तुझी." कागद झाला नाही. तिथं हजर होते एकटे मास्तर. पुढं वडील गेले, नरसव्वाचा नवराही गेला. मल्लाप्पांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी जागा परत मागितली, दावा लावला. इंग्रज सरकारनं गावात मार्शल लॉ लावला, त्याच्या आधीचा तो उन्हाळा. नरसव्वाचं वकीलपत्र माझ्याकडं होतं. मी तिला खरं ते सांगितलं. तोंडी दिलेली जागा कायदा मानत नाही. दावा आपण हरणार.

तेव्हा मल्लाप्पांनीच निरोप पाठवला. "मास्तरांनी सिद्धेश्वराच्या देवळात बेलभंडार उचलून शपथेवर सांगावं, की वडलांनी जागा दिली. मी दावा काढून घेतो."

मंडळी, जरा मास्तरांच्या जागी उभं राहून बघा. बेल उचलला, तर आयुष्यभर जे शिकवलं त्यावर पाणी. नाही उचलला, तर नरसव्वा पोरांसकट रस्त्यावर, आणि लोक म्हणणार, साक्षच खोटी होती म्हणून मास्तर मागं सरला. मी म्हणालो, "तुमच्या लेखी ते झाडाचं पान आहे. पान उचलायला काय जातं? एका घराचं भलं होतंय."

"भलं होतंय म्हणून आज नसलेली श्रद्धा दाखवायची," मास्तर म्हणाले, "मग उद्या भलं होतंय म्हणून खोटी साक्ष का नाही द्यायची? कुठं थांबायचं ते सांगा."

 नरसव्वा दारात उभी होती. ती म्हणाली, "अण्णा, तुमाला जमत नसंल तर नको. मी जाते कुटं तरी." हे तिनं म्हटलं नसतं तर बरं झालं असतं. 

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन मल्लाप्पांच्या दुकानी गेले. सरळ म्हणाले, "अप्पा, माझा देवावर विश्वास नाही. देवळात सांगेन ते खरंच सांगेन, पण इथं या गादीवर सांगितलं असतं तेही तितकंच खरं. हे ठाऊक असूनही तुम्हाला चालत असेल, तर मी येतो."

 मल्लाप्पा म्हणाले, "मास्तर, तुमचा देव नसंल, माजा हाय. तो ऐकंल. मला चालतंय. पण आमची आई लई म्हातारी. वडलांचा शब्द मोडला का काय, ह्याच घोरात हाय ती. बेलाशिवाय तिचं मन निवायचं न्हाय. हे आत्ता बोललात ते ती हाय तोवर भाईर कुणाला बोलू नका. शब्द द्या."

मास्तरांनी शब्द दिला. तिथं देव नव्हता, कागद नव्हता. मी होतो, आणि माझ्याकडूनही तोच शब्द घेतला गेला.

मास्तरांनी बेल उचलला. जे घडलं होतं ते सांगितलं. दावा निघाला. नरसव्वाचा माग आजही त्याच घरात चालतो.

आणि मास्तर अडकले.

गावात बोलबाला झाला, मास्तर देवाकडं वळला. लोक घरी नारळ घेऊन आले. एका कीर्तनात त्यांचं नाव घेऊन आख्यान लागलं, मास्तर तिथून उठून घरी आले. रस्त्यात कुणी पाया पडलं की ते पाय मागं घ्यायचे. नाही म्हणावं तर शब्द मोडतो. हो म्हणावं तर खोटं होतं.

त्यानंतरच्या रविवारी हे वाचनालय भरलं होतं. शंकर, तू इथं पुढं बसला होतास. मास्तरांचा सगळ्यात लाडका तू. तू उभा राहून विचारलंस, "मास्तर, एवढंच सांगा. बेल उचलताना तुमचा देवावर विश्वास होता का?"  मास्तर म्हणाले, "मला सांगता येत नाही." तू म्हणालास, "म्हणजे भ्यालात." आणि निघून गेलास. तुझ्यामागं निम्मी बैठक गेली. बाळ, तुझी चूक नव्हती. तो प्रश्न विचारायला त्यांनीच तुला शिकवलं होतं.

बैठक बंद पडली. पुढं पुढं आम्ही दोघं तळ्याकडं फिरायला जायचो. वाद घालायला मीच उरलो होतो, आणि वाद एकच उरला होता. "वकील, मी गप्प बसतो हे खोटं बोलणंच नाही का?" मी म्हणायचो, "तुम्ही खोटं अक्षर उच्चारलेलं नाही." ते म्हणायचे, "उच्चारलं नाही. पण सगळं गाव एक खोटं खरं मानून चाललंय, आणि ते थांबवणारं एक वाक्य माझ्या तोंडात आहे." मी म्हणालो, मल्लाप्पांकडं जाऊ, शब्दातून सोडवा म्हणू. ते थांबले. "शब्द दिला तेव्हा तो जड होईल हे मला कळत होतं. आता जड झाला म्हणून परत करू?" वर्षं गेली, मंडळी. म्हातारी खणखणीत राहिली. मास्तर मात्र खंगले. शाळेतून निवृत्त झाले, घराबाहेर पडेनासे झाले. दम्यानं शेवटी श्वासही अडकवला.

स्मशानातून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मल्लाप्पा माझ्याकडं आले. ते त्या खांबाशी बसले आहेत. त्यांच्या परवानगीनं सांगतो. मास्तरांच्या चितेपुढं उभं राहून त्यांना घरी जाववेना. शेवटी गेले आणि आईपुढं बसले. म्हणाले, "आई, मास्तरानं बेल उचलला, पर त्यो देव मानत नव्हता. मला आधीच सांगितलं हुतं त्यानं."

म्हातारीनं विचारलं, "तितं बोलला ते खरं बोलला का?"

"व्हय."

"मग झालं की," म्हातारी म्हणाली. "एवढ्यापायी त्याला गप बसवलास व्हय रं? मला इचारायचं तरी."

म्हातारीला हे कुणी एकदाही विचारलं नाही. मल्लाप्पांनी नाही, मास्तरांनी नाही, मी नाही. ज्या भिंतीआड मास्तर एवढी वर्षं कोंडून राहिले, ती भिंत होती की नाही हे कुणी हात लावून बघितलं नाही. ही गोष्ट घेऊन मी घरी कसा जाऊ, मला कळत नाही. तुम्हाला कळलं तर सांगा.

अशा सभेत शेवटी म्हणायची पद्धत असते, ईश्वर त्यांच्या आत्म्याला शांती देवो. माझ्या तोंडी ते येतं आहे, पण मास्तरांच्या नावानं मला ते म्हणता येत नाही. म्हणून कुणाच्या नावानं काही मागत नाही. फक्त उभे राहा. मल्लाप्पा, नरसव्वा, शंकर, तुम्हीसुद्धा. ज्यांना मनात देवाचं नाव घ्यायचं त्यांनी घ्यावं. मास्तर हरकत घेणार नाहीत, फार तर कारण विचारतील. थोडा वेळ आपण सगळेच गप्प राहू.