तात्पुरतं, नंतर बदलणे

तपासनीस: सव्वा व्होल्ट.

प्रमुख: बरं.

तपासनीस: ‘सेल सावकाश बसवावा.’

प्रमुख: हं.

तपासनीस: चार हजार तीनशे बारा हिरवे चौकोन. पान तीन. शून्य.

प्रमुख: मॅडम, चार वाजता माझी बैठक आहे. तुम्ही कोडी घालताय की सही करताय?

तपासनीस: सहीबद्दलच बोलतेय, साहेब. हे सगळं एकाच चिपबद्दल आहे. आपल्या, कानाच्या मशीनच्या.

प्रमुख: ती पास झालीय. तीन महिने कॉम्प्युटरवर सिम्युलेशन चाललंय, प्रत्येक चाचणीपुढे हिरवा चौकोन. फॅक्टरीवाले तोंडाकडे बघत बसलेत. फक्त तपासणीची सही राहिलीय.

तपासनीस: पास झालीय, कारण तिला आजवर कुणी चालूच केलेलं नाही.

प्रमुख: काहीतरीच काय.

तपासनीस: सॉफ्टवेअरमध्ये सर्किटला वीज द्यायला आपण एक सोर्स लावतो. खोटा सेल म्हणा. त्याचा फॉर्म असतो. किती व्होल्ट, कधीपासून, आणि वर चढायला किती वेळ. त्या शेवटच्या रकान्यात आपल्याकडे शून्य आहे. म्हणजे सॉफ्टवेअर धरून चालतं की वीज पहिल्यापासून होतीच. ते आकडेमोडच जाग्या चिपपासून सुरू करतं.

प्रमुख: मग चांगलं आहे की. स्वच्छ काम.

तपासनीस: स्वच्छ आहेच. पण असा सेल फक्त आपल्या ऑफिसात मिळतो.

प्रमुख: हे शून्य भरलं कुणी?

तपासनीस: कुणीच नाही. मागच्या प्रोजेक्टमधून कॉपी झालं. तिथे त्याच्या मागच्यातून. शोधत शोधत नऊ वर्षं मागे गेले.

प्रमुख: आणि?

तपासनीस: तिथे तुमचं नाव आहे. शेजारी टीपही आहे. ‘तात्पुरतं. नंतर बदलणे.’

प्रमुख: तेव्हा मी नवीन होतो. पण मग नऊ वर्षांत कुणीतरी बदलायचं ना.

तपासनीस: पास झालेल्या फाइलला हात लावायचा नाही, हा नियमही तुमचाच.

प्रमुख: नियम चांगला आहे.

तपासनीस: काल मी मोडला. पाव सेकंद घातला. वीज हळूहळू चढत गेली, सव्वा व्होल्टवर पोचली. चिप उठली नाही.

प्रमुख: लाल चौकोन आला?

तपासनीस: लालसुद्धा नाही. या सर्किटला दोन ठिकाणी स्वस्थ बसता येतं, एक चालू असताना आणि एक बंद असताना. झटका बसला तर उठतं. सावकाश दिलं की तिथेच पडून राहतं.

प्रमुख: आमच्या वरच्या मजल्यासारखं.

तपासनीस: ते तुम्ही म्हणालात.

प्रमुख: असं करा. ‘सुरुवात’ म्हणून वेगळा रकाना काढा आणि पुढे ‘लागू नाही’ लिहा. सुरुवात हा काही आपल्या टीमचा विषय नव्हे.

तपासनीस: मग कुणाचा?

प्रमुख: ग्राहकाचा. सेल तो घालतो. त्याला सावकाश घालायला सांगितलंय कुणी?

तपासनीस: आपण. आधीच्या चिपमध्ये हेच सर्किट आहे, आणि ती बाजारात आहे. तिच्या माहितीपत्रकात, पान तीन. ‘सेल सावकाश बसवावा. घाई करू नये.’

प्रमुख: …ते वाक्य माझं आहे.

तपासनीस: माहीत आहे.

प्रमुख: अहो, तक्रारी येत होत्या, मशीन सुरूच होत नाही म्हणून. समिती बसली. म्हातारी माणसं धसमुसळी असतात, असा निष्कर्ष निघाला.

तपासनीस: वाक्य छापल्यावर तक्रारी कमी झाल्या?

प्रमुख: दुप्पट झाल्या. मग आम्ही अक्षर मोठं केलं.

तपासनीस: मी सही करणार नाही, साहेब.

प्रमुख: मॅडम, मागच्या खेपेला ज्यांनी सही केली नाही ते आता तळमजल्यावर जुन्या फायलींना नंबर घालतात. तुम्हाला धुळीचा त्रास आहे, नाही का?

तपासनीस: आहे. तुमचा फोन वाजला.

प्रमुख: आईचा मेसेज. तिला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून बोलून पाठवते. नंतर ऐकेन.

तपासनीस: ऐका. मी थांबते. आपलं काही पळून जात नाही.

(प्रमुख मेसेज लावतो. आवाज मोठाच ठेवलेला असतो.)

आई: अरे, मशीन परत बंद. नवा सेल घातला. तू सांगितलंस तसाच, सावकाश, दोन्ही हातांनी, दम खात. ढिम्म. शेजारीण घालायची तेव्हा लगेच चालायचं. ती आपली खटकन दाबून मोकळी व्हायची. पण तू रागावतोस ना, म्हणून मी तिलाही म्हटलं, बाई गं, हळू घालत जा. आता तिच्या हातूनही चालत नाही. असू दे. माझीच बोटं मेली थरथरतात. वेळेवर जेव.

तपासनीस: साहेब?

प्रमुख: तिला आपलीच चिप आहे. कर्मचाऱ्यांना सवलतीत मिळते.

तपासनीस: हो.

प्रमुख: सर्किटला झटका द्यायची सोय करायला किती दिवस लागतील?

तपासनीस: पाच आठवडे. सगळी सिम्युलेशन पुन्हा. या वेळी शून्यापासून वर, खऱ्या सेलसारखी.

प्रमुख: तो कागद आणा इकडे. सहीच्या जागी लिहा, चिप उठत नाही. खाली माझं नाव घाला.

तपासनीस: आणि फाइलमधली टीप? काढू?

प्रमुख: राहू द्या. तारीख घाला तिच्यापुढे, आजची.

तपासनीस: बैठकीत काय सांगणार?

प्रमुख: बघू. आधी आईला लिहितो, खटकन दाब म्हणून.

तपासनीस: वाचता येईल त्यांना?

प्रमुख: येईल. अक्षर मोठं करतो.

तपासनीस: मी निघू?

प्रमुख: मागच्या मंगळवारी जेवताना तिने तीनदा विचारलं, काय म्हणालास. मी म्हटलं, काही नाही.