धायटीची परडी

"हात लावशील तर बघ! देवीची फुलं आहेत ती!"

चाळीस वर्षं झाली, मंडळी, पण शेजारच्या द्वारकाकाकूंचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. तेव्हापासून एकच प्रश्न छळतो — देवासाठी केलं, म्हणजे चांगलंच केलं का? माना डोलवू नका. ऐका आधी!

काकूंचे यजमान सदाकाका टपाल वाटायचे. घाटातल्या वाड्या-वस्त्या पायी तुडवायच्या. एकदा येताना धायटीचं रोप घेऊन आले, खिडकीशी लावलं. दोन उन्हाळे पाणी घातलं. पुढं तिला कुणाची गरज नाही, आपल्याच डोंगरातली ती! माघ आला की फांदी न् फांदी लाल. मधमाश्यांची गुणगुण. आणि बोटाएवढा जांभळा शिंजीर, फुलाच्या लाल नळीत चोच घालून मध पिणार!

मग काकांचे पाय गेले. रानोमाळ चालणारा माणूस खाटेला खिळला. बोलणं आटलं, जेवण आटलं. उरली ती उशाची खिडकी. शिंजीर आला, की काका आपणहून पेज मागायचे.

आता काकूंनी काय करावं? नवस! काका चालेपर्यंत देवीला रोज परडीभर धायटी. उजाडायच्या आत बाई झाड ओरबाडतेय. त्या दिवशी उमलणारी कळीसुद्धा ठेवायची नाही! अहो, डोळे कुठं होते? आणि हसू नका, तिसऱ्या रांगेतल्या ताई — येताना कुणाच्या कुंपणावरून हात घातलात, ते तुमची पिशवी सांगतेय!

फूल खुडिलं देवीला
देवी बसली रुसून
तिचं पाखरू उपाशी
गेलं अंगणा सोडून

पाचव्या दिवशी शिंजीर फिरकला नाही. काकांनी पेज बाजूला सारली. काकूंना वाटलं, नवस कमी पडतोय. दुसऱ्या दिवसापासून दोन परड्या! काय म्हणावं या बाईला! आणि काका? मनातल्या मनात म्हणायचे, माझ्यासाठीच अनवाणी देवळात जाते, तिला कसं अडवू?

महिन्यात काकांची हाडं दिसायला लागली. एका सकाळी काकूंनी शेवटच्या फुललेल्या फांदीला हात घातला, आणि काकांनी खिडकीतून त्यांचा पदर धरला. कुंपणापलीकडं मी उभा होतो.

तेव्हा मंडळी, उद्या परडी घेऊन निघालात, की त्या झाडाकडं कोण डोळे लावून बसलंय ते आधी बघा. कारण तो गप्प राहिलेला माणूस त्या दिवशी एवढंच बोलला —

"द्वारका, पाय नकोत मला. पाखरू येऊ दे."