हुप्प्याचा दहावा

हसू नका हो... हे डोकं म्या हौसेनं नाही भादरलं! वैऱ्यासाठी भादरलं, वैऱ्यासाठी! वैरी कोन? हुप्प्या! पांढरकवड्यात आमच्या लेआउटमधी, म्हंजे कॉलनीत, वांदरायचा कळप हाये ना, त्याचा तो पुढारी. एक कान फाटेल, अन् माझ्या भिंतीवर बसनं असं, जसा घरचा जावई आला...

तुम्हाले सांगतो, अंगनात माझं पोपईचं एकच झाड. लेकरावानी वाढवलं. फळ पिवळं पडलं का मी म्हनतो उद्या तोडू, अन् हा आजच तोडते! बरं, तोडली तं पुरी खाय ना लेका! नाही! एक चावा घेते, तोंड वाकडं करते, दुसरी तोडते. घरी झाड असून म्या पोपई बाजारातून इकत आनून खाल्ली! म्या म्हटलं, याले मी सोडत नाही!

गुलेर घेतली... गोटा गेला शेजारच्या देवीलालच्या सोलरवर. फटाके फोडले... देवीलालची बुढी पलंगावरून खाली, अन् हुप्प्या तिथंच, शेंगा खात! मंग पोपईले भोक पाडून आत तिखट भरलं, अस्सल भिवापुरी! हुप्प्यानं हुंगली अन् सोडून देल्ली. खाल्ली कोनं? माझ्या साळ्यानं! सासरवाडी अजून बोलत नाही. म्या म्हटलं, आता तं याले मी सोडतच नाही!

अन् तोच गेला हो सोडून! डीपीवर चढला, करंट लागला, खलास. मले असा राग आला... अबे, माझा बदला बाकी हाये ना! मी घरात दात खाऊन राह्यलो, अन् दारात देवीलाल हजर, संग अर्धं लेआउट. "पंजाबराव, बजरंगबलीचं रूप गेलं. अंत्ययात्रा काढू, दहावा करू. पन पोराच्या जागी बसन कोन?"

सगळे माझ्याकडं पाहून राह्यले! "तुमच्याच घरचं खाल्लं जी त्यानं जलमभर. तुमचा बी किती जीव! सकाळ-संध्याकाळ त्याच्याच मागं राहत होते!"

नाही कसं म्हनता? माझ्या बायकोनं, रुक्मानं तं डोळ्याले पदरच लावला. "बसा ना जी, देवाचं काम हाये."

दहाव्याले नदीवर डोकं भादरलं, पिंड ठेवला. कावळे आले, बसले... पन शिवतच नाही! ताजं टक्कल अन् आपल्याकडचं ऊन, तुम्हाले सांगाले नको! देवीलाल म्हने, "इच्छा राह्यली त्याची. बोला पंजाबराव, कबूल करा काही!" म्या म्हटलं, "तुझ्या पोराबाळायले मारनार नाही." कावळा ढिम्म. "गुलेर मोडतो." ढिम्म! महाराज घड्याळ पाहून राह्यले. रुक्मानं मांगून कोचकलं, "पोपईचं बोला ना!"

अरे, याच पोपईपायी तं जीव जळत होता माझा! दात-ओठ खात बोललो, "जाय... पोपई तुझ्या लेकरायची!" बोलनं पुरं नाही झालं, तं कावळ्यानं टोच मारली हो! सारं लेआउट रडलं. मी बी रडलो... माझं कारन वेगळं.

आता रोज सकाळी कळप येऊन भिंतीवर बसते. मी पोपई उतरवतो, सालटं काढतो, फोडी करतो. बिया बी काढा लागते... त्यायले बिया आवडत नाही ना!