विमानातलं फुकट वायफाय आणि मार्गितचं लग्न

...आणि वर मलाच विचारतात, "लॉइड, एवढ्या मोठ्या विमानात तुला एक वायफाय लावता आलं नाही?" अहो, लावता आलं नाही असं कोण म्हणालं? लावू दिलं नाही! एकशे सत्तर माणसं विमानात, त्यातली दीडशे माझ्या बोटावर डोळा ठेवून बसलेली... तुम्हाला सांगतो, चौतीस वर्षं लास वेगासच्या हॉटेलांतल्या लिफ्ट दुरुस्त केल्या मी, चाळिसाव्या मजल्यावर पोकळीत लोंबकळत सँडविच खाल्लंय, पण एक बटण दाबायला इतका वेळ कधी लागला नव्हता. आणि हे सगळं का, तर म्हणे मी संशयी! मी संशयी नाही हो. मी फक्त विचारतो.

आता मार्गितचं बघा. माझी एकुलती एक मुलगी. तिचं म्हणणं, बाबांनी माझी दोन लग्नं मोडली. मोडली? मी? पहिल्याला मी एवढंच विचारलं की बाबा रे, तुझ्या गाडीच्या डिकीत दुसऱ्या राज्याची नंबरपाटी कशाला? आणि दुसऱ्याला तर तेवढंही नाही, नुसतं विचारलं, "तू दात कुठल्या डॉक्टरला दाखवतोस?" म्हणजे माणसाचा पत्ता पक्का आहे की नाही ते कळतं हो! तर तो जेवणात गोड यायच्या आधीच उठून गेला. बरं, जाताना दातओठ खाऊन गेला, म्हणजे दात होते. मग मार्गित गेली मिनियापोलिसला, माझ्यापासून होता होईल तेवढी लांब, आणि तिथे तिला भेटला हा निल्स. होड्या दुरुस्त करतो. एकदाच भेटलोय मी त्याला, आणि सात प्रश्न विचारले. सातच! त्याने सातही उत्तरं दिली, हसत हसत दिली... आता सात प्रश्नांना हसत उत्तरं देणारा माणूस तुम्हाला बरोबर वाटतो का? नाही, मी फक्त विचारतो.

तर मार्गितने फोनवर बजावलं, "बाबा, शनिवारी चार वाजता लग्न. माझा हात धरून तुम्हीच मंडपात न्यायचंय मला. पण एक अट. या वेळी एकही प्रश्न विचारायचा नाही." मी म्हटलं, "का?" तर म्हणाली, "झाला एक."

आता शनिवारी सकाळी सातचं विमान. आदल्या दिवशी वेगासमध्ये त्या कॉम्प्युटर फोडणाऱ्यांचं, हॅकर लोकांचं, संमेलन संपलेलं. चोर नव्हेत हो, चोर कुठून घुसेल ते आधी शोधून सांगणारे. निदान ते तसं सांगतात. सगळे काळ्या टीशर्टात, गळ्यात तळहाताएवढे बिल्ले, आणि त्या बिल्ल्यांत दिवे लुकलुकतायत, तारा, बॅटऱ्या... तपासणीवाल्यांना घाम फुटला! एकेक बिल्ला उघडून बघितला त्यांनी. दीडशे बिल्ले! सातचं विमान साडेअकराला हललं. वेगासचे साडेअकरा म्हणजे मिनियापोलिसचे दीड, पुढे तीन तास, म्हणजे उतरणार साडेचारला, आणि लग्न चारला. तळ्याकाठच्या बागेतला मंडप, साडेपाचला पुढचं लग्न दारात उभं, थांबायची सोयच नाही.

मार्गितला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, विमानात इंटरनेट असतं ना? निल्सचा फोन आम्ही पहिल्या रांगेत तुमच्या खुर्चीवर ठेवतो. तुम्ही तिकडून बघा. विमानात फोनवर बोलायला मनाई असते, पण काही सांगायचं असेल तर लिहा, निल्स वाचून दाखवेल." आणि मग अगदी लहानपणीसारखी म्हणाली, "बघाल ना?" म्हटलं, "बघतो गं. डोळ्याची पापणी लवू देणार नाही."

बसलो. विमान वर गेलं आणि घोषणा झाली, "प्रवासीहो, आपल्या सेवेसाठी मोफत वायफाय उपलब्ध आहे." आता फुकट म्हटल्यावर एरवी काय होतं? शंभर फोन एकदम बाहेर! आणि इथे? एक हात हलला नाही. एक मान वर झाली नाही. उलट दोघातिघांनी होते ते फोनही बंद केले! खानावळीचे सगळे आचारी घरून डबा आणतात असं दिसलं, तर तुम्ही त्या खानावळीत जेवाल का? सांगा ना!

माझ्या डाव्या हाताला एक पन्नाशीच्या बाई लोकर विणत होत्या, उजव्या हाताला भलामोठा दाढीवाला. मी बाईंना नाव विचारलं. "मुंगूस," म्हणाल्या. दाढीवाला म्हणाला, "मी वाळवी." अहो, ह्या लोकांत खरं नाव सांगत नाहीत! आणि संशयी कोण, तर मी.

मी फोन काढला, बटणावर बोट नेलं, आणि बाईंची सुई थांबली. "काका, काय करताय?"

"वायफाय लावतोय. का, वाईट आहे?"

"वाईट आहे असं मी कुठे म्हटलं? मी वापरत नाही एवढंच."

तेवढ्यात वाळवी माझ्या फोनवर वाकला. "हे बघा. विमानाच्या वायफायचं नाव यादीत दोनदा दिसतंय. एक विमानाचं असेल, दुसरं कुणीतरी त्याच नावाने उघडलंय. तुम्ही चुकीच्या दारात शिरलात की तुमचं सगळं तो वाचणार."

"कोण तो?"

वाळवीने मान वर करून विमानभर नजर फिरवली. "हे करता येईल असे इथे दीडशे जण आहेत. नुसती गंमत म्हणून करतील असे... शंभर धरा."

मग मी मुद्द्याचं विचारलं. हळूच विचारलं. म्हटलं, "बाबा रे, माझा फोन जाऊ दे, पण ह्यातला कुणी इथे बसल्या बसल्या विमान वळवणार नाही ना?" तो हसला. "छे हो काका! पायलटची लाइन वेगळी, प्रवाशांची वेगळी. दोन्हींचा एकमेकींशी संबंध नाही."

"नक्की नाही?"

"नसायला हवा."

नसायला हवा! तुम्हाला सांगतो, चौतीस वर्षांत जेवढ्या लिफ्ट अडकल्या, त्या प्रत्येक लिफ्टचा ब्रेक चालू 'असायला हवा' होता! हा शब्द मी स्वतः शेकडो लोकांना ऐकवलाय, दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लोकांना, दाराच्या फटीतून! आणि मी स्वतः परक्या इमारतीत कायम जिन्याने चढतो, ते उगाच नाही. आता विमानाला जिना कुठून आणू?

मी विचारलं, "तुम्ही ती लाइन तपासली आहे?"

"नाही. विमानात तपासली तर खाली उतरल्यावर बेड्या पडतात."

बरोबर आहे की नाही? मी फक्त विचारतो!

घड्याळ मी मिनियापोलिसचं लावलेलं. तीन वीस. मी त्यांना सगळं सांगितलं, लग्न, मंडप, खुर्चीवरचा फोन. मुंगूसबाईंच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं हो. लोकर बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "काकांनी लग्न बघितलंच पाहिजे. पण नीट. काका, फोनमध्ये काय काय आहे तुमच्या?" म्हटलं, "सगळंच. बँक, डॉक्टर, पेन्शन." "पासवर्ड वेगवेगळे आहेत ना?" म्हटलं, "एकच आहे, लक्षात राहतो. कुत्र्याचं नाव." अहो, पुढच्या तीन रांगा मागे वळल्या! कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. मी घाईघाईने म्हटलं, "नाव कुणाला माहीत नाही!" तर पुढून आवाज, "बिस्किट." मी उडालोच! "फोनच्या पाठीवर फोटो चिकटवलाय काका, खाली नाव आहे."

मग झाली कमिटी. एक म्हणतो, काकांना दुसऱ्याचा फोन द्या. कुणाचा? दीडशे माणसांनी खिशावर हात ठेवले. शेवटी वाळवीने पिशवीतून चांदीच्या कागदात गुंडाळलेला एक फोन काढला, पोळीची गुंडाळी सोडावी तसा सोडवला, बॅटरी वेगळी, ती बसवली. दुसरा म्हणतो, "ह्या वाळवीच्या फोनवर भरवसा कसा ठेवायचा?" तिसरा म्हणतो, "मुळात तू कोण?" तिघांचं जुंपलं. तीन चाळीस! मी ओरडलो, "अहो, नवरीची गाडी निघाली असेल!"

मग योलांडा आली. हवाई सुंदरी म्हणायची ती, पण साठीची, चष्मा साखळीला लावलेला, आधी वीस वर्षं बालवाडीत शिकवायची. मी तिला विचारलं, "बाई, दोनांतलं खरं वायफाय कुठलं?" तिने खिशातलं कार्ड दाखवलं. "हे नाव आहे ते." "दोघांचंही हेच आहे!" "मग कुठलंही घ्या की," म्हणाली. अहो, गलका झाला! कुठलंही घ्या! दोन माणसांनी कानांवर हात ठेवले.

योलांडाने टाळी वाजवली. सगळे गप्प. वीस वर्षांची सवय हो! म्हणाली, "हे बघा, कुणीतरी खोडी काढलीय. मी रागावणार नाही, नाव विचारणार नाही. सगळ्यांनी डोळे मिटायचे, आणि ज्याने केलंय त्याने गुपचूप बंद करायचं. ह्या गृहस्थांच्या मुलीचं लग्न आहे." मी डोळे मिटले. घट्ट मिटले. दहापर्यंत आकडे मोजले. उघडतो तर काय, विमानात डोळे मिटलेला मी एकटाच!

पण काम झालं होतं. वाळवीने फोन बघितला आणि त्याचा चेहरा पडला. "गेलं," म्हणाला. मी म्हटलं, "गेलं ना? शाब्बास! आता उरलेलं लाव." "काका... दोन्ही गेली."

नवव्या रांगेतून एक उठला, बाविसाव्या रांगेतून एक उठली. दोघं एकमेकांकडे बोट दाखवून म्हणतायत, "मला वाटलं तुझं खरं आहे!" "मला वाटलं तुझं!" मग योलांडाने पुढे जाऊन कप्तानाला फोन लावला. परत आली ती चष्मा पुसत. "विमानाचं वायफाय मंगळवारपासून बंद आहे. घोषणा रेकॉर्ड केलेली असते, ती आपली वाजते." मी म्हटलं, "बाई, हे आधी का नाही सांगितलंत?" तर म्हणते, "चालू आहे का, असं कुणी विचारलंच नाही."

तुम्हाला सांगतो, तिथे मी खचलो. लिफ्ट चालत नाही म्हणून फोन आला की चौतीस वर्षं माझा पहिला प्रश्न ठरलेला, 'चालू केलीय का?' आयुष्यभर जगाला प्रश्न विचारले, आणि जो विचारायचा तोच राहिला. चार वाजून बारा मिनिटं झाली होती. खाली ढग, वर ही तऱ्हा. माझी मुलगी कुणाचा तरी हात धरून चालत गेली असेल, किंवा एकटीच, आणि खुर्चीवर एक मुका फोन. मला रडू आलं. लपवत नाही, आलं. मुंगूसबाईंनी विणलेलं जे काय होतं ते माझ्या हातात दिलं डोळे पुसायला. खरबरीत होतं.

उतरलो. टॅक्सी केली. सहा वाजता जेवणाच्या हॉलवर पोचलो, तोंड लपवतच शिरलो. म्हटलं आता मार्गित काय बोलेल? बोलेल तरी का? आणि मार्गित पांढऱ्या झग्यातच धावत आली, गळ्यात पडली, आणि हुंदके देऊन रडायला लागली. "बाबा, थँक्यू! थँक्यू बाबा!" मी गोंधळलो. थँक्यू कशाचं? मागून तिची मैत्रीण म्हणाली, "काका, कमाल केलीत हो! 'ह्या लग्नाला कुणाची काही हरकत?' असं लग्न लावणाऱ्याने विचारल्यावर आम्ही सगळे तुमच्या खुर्चीकडे बघत होतो. निल्सने फोन उचलला, आणि तुमचा निरोप वाचून दाखवला."

निरोप? मी विचारलं, "काय... कसा वाचला?"

मार्गित डोळे पुसत म्हणाली, "'माझा काही प्रश्न नाही. मुलगी सुखात दिसते आहे. बाबा.'"

मी तिच्या खांद्यावरून निल्सकडे बघितलं. तो सूपच्या भांड्यापाशी उभा होता, हातात डाव. माझ्याकडे बघून त्याने मान अगदी थोडी हलवली. हसत नव्हता, पहिल्यांदाच. आता मला सांगा, दीडशे पट्टीच्या फोडणाऱ्यांत मी तीन तास फोन छातीशी धरून बसलो, बिस्किटचा फोटो खरवडून काढला, आणि माझं नाव चोरलं कुणी? ह्याने! बिनवायफायचं! भर मंडपात, साक्षीदारांसमोर! पहिल्याच दिवशी बायकोशी इतकं सफाईने खोटं बोलणारा माणूस... माझ्या जिभेवर आठवा प्रश्न आला होता, अगदी टोकावर.

पण मार्गितही शेवटी माझीच मुलगी. तिने माझे दोन्ही गाल धरले, डोळ्यांत रोखून बघितलं आणि म्हणाली, "बाबा, खरं सांगा. ते तुम्हीच लिहिलंत ना?"

म्हटलं, "हो गं. मीच."

काय करणार? मी लिहिलं असतं तर शेवटी प्रश्नचिन्ह पडलं असतं.