चार भाषा शिकलेली शलाका

मंडळी, ऐका! आज कीर्तनाला एकच प्रश्न घेऊन उभी आहे — काय शिकावं, हे विचारायचं कुणाला? दादाला? मैत्रिणीला? की मोबाइलमधल्या त्या ओरडणाऱ्या माणसाला? मागचे आजोबा, नुसती मान हलवू नका, उत्तर द्या! नाही? बरं, मग गोष्टच ऐका.

कराडची शलाका. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. आता कॉम्प्युटरला काम सांगायचं, तर त्याला कळेल अशा भाषेत सांगावं लागतं — आणि त्या भाषा ढीगभर! मावसभाऊ म्हणाला, "शलाके, जावा शीक. नोकरी पक्की!" बसली शिकायला. मैत्रीण म्हणाली, "अगं, जावा काय घेऊन बसलीस? पायथन कर!" जावा तिथंच सोडली! मग सी, मग जावास्क्रिप्ट. आणि प्रत्येकीचा पहिला धडा काय? पडद्यावर 'नमस्कार' उमटवणं! म्हणजे बघा, चार घरांच्या दारात नमस्कार घातला, आत कुठंच गेली नाही! हसताय काय?

सुट्टीत तिथल्या दूध संघात शिकाऊ जागा निघाली. एकच! आणि कॉलेजनं तर बजावलेलं — कामाचा अनुभव नसेल, तर पुढच्या वर्षी कंपन्यांच्या मुलाखतीला बसवणार नाही.

संघातल्या चौगुले मॅडमनी कॉम्प्युटर पुढं केला. "या दुधाच्या नोंदी. फॅट कमी असलेले कॅन शोधून दे. भाषा तुझ्या आवडीची."

शलाका खूश! पायथनमध्ये दोन ओळी लिहिल्या. मग वाटलं, जावा भारी दिसेल. पुसलं! जावात अडली. पुसलं! मॅडम चहा पिऊन आल्या — पडदा कोरा!

"किती भाषा येतात म्हणालीस?"

"चार."

"त्यातल्या एकीत तरी भांडता येतं का?"

मृदंगवाले काका, जरा थांबा, शलाका काय म्हणते ते ऐकू द्या.

मग हळूच म्हणते, "मॅडम, कुठली नीट शिकू?"

"मला काय विचारतेस? कामाला विचार! फॅट मोजणाऱ्या यंत्राच्या पोटात शिरायचंय, तर सी. संघाची वेबसाइट करायचीय, तर जावास्क्रिप्ट. नोंदी चाळायच्यात, तर पायथन बरी. तुला काय करायचंय?"

मंडळी, हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं! तिनं स्वतःसुद्धा!

"नोंदी चाळायला आवडेल," ती म्हणाली.

"मग माझं जेवण होईपर्यंत बस."

बसली. पायथन एके पायथन! प्रोग्रॅम चालला — आणि रिकामे कॅनही 'फॅट कमी' म्हणून दाखवायला लागला! वाटलं, पळावं जावाकडे. पळाली नाही. रिकामे कॅन आधी बाजूला काढायची अट घातली, पुन्हा चालवला. जमलं!

मॅडम म्हणाल्या, "सोमवारी ये. पुढं दुसरी भाषा लागेलच. पण एकीत विचार करता आला ना, की दुसरी जड जात नाही."

शलाकाचं झालं. आता तुमच्याकडे वळते! घरात कुणाची दहावी, कुणाची बारावी. माझीही दहावीच आहे, म्हणून कळवळून सांगते — 'सध्या कशाला मागणी आहे?' हे नंतर. आधी पोरांना विचारा, 'तुला काय करायचंय?' आणि विचारून झालं, की हात जोडते, उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नका! राहवत नसेल, तर विठ्ठलाचं नाव घ्या. चला, आत्ताच सराव करू — विठ्ठल विठ्ठल!