कुरोड्यातले तीळ

माहं गाव दिग्रसच्या अलीकडं. काय सांगू तुम्हाले ताई, शाळा सातवीतच सुटली, मंग दिग्रसच्या जिनिंगात कापसाच्या गठाणी उचलल्या, अन् आता इथं राजूरले कोळशाच्या रस्त्यावर पाणी मारायचा टँकर चालवतो, धूळ बसावी म्हनून. मी पुढं पाणी मारत जातो अन् मागं पाह्यलं का रस्ता वाळलेला, ट्रक गेला का पुन्हा धूळ, दिवसभर हेच, आंग थकते ते थकते, मन बी थकते. पन मालकानं माह्यासारख्या कमी शिकलेल्या मानसाच्या हाती गाडी देल्ली, त्याले मी नाव ठेवनार नाही.

माय गावाकडं भाऊ-वहिनीजवळ राह्यते, तिले दमा हाये. मी इकडं आलो तवापासून तिले एकच घोर, पोराच्या छातीत धूळ जाईन. तिचा घोर कमी व्हावा म्हनून मी मोबाइलवर फोटो काढाले लागलो, अन् मंग नजरच तशी झाली. भर दुपारी टँकरच्या फवाऱ्यात इंद्रधनुष्य पडते, आरशात दिसलं तवा मी गाडी उभी करून उतरलोच. ओल्या मातीत चिमण्या लोळतात. कडुनिंबाखाली बाजेवर एक बुढा झोपते, त्याच्या पायावर उन्हाचे ठिपके हालतात. कोळसा तेवढा फोटोत येऊ द्याचा नाही. वहिनी मायले दाखवे अन् माय म्हने, लय साजरं गाव हाये रे तुहं.

अन् तिथंच फसलो ना बापा. या उन्हाळ्यात माय म्हने, मी येतो तिकडं महिनाभर. मी म्हनलं, मा, इकडं ऊन लय हाये. थे म्हने, अन् इथं का चांदनं पडून राह्यलं? आली त दोन दिवसात दम लागून दवाखान्यात जाईन, खरं सांगितलं त म्हनन, आजच्या आज घरी ये, अन् घरी जाऊन मी करू काय? जेवन गोड लागेना मले.

तेवढ्यात आमच्या घरमालकीन काकूनं गव्हाच्या चिकाच्या कुरोड्या घातल्या, अंगनात बाजेवर जुन्या लाल लुगड्यावर, पांढऱ्या फटक, वरून सकाळचं कोवळं ऊन. मले वाटीभर चीक देल्ला, गूळ घालून, परक्या मानसाले कोन देते ताई? मी पार जवळून फोटो काढला अन् पाठवून देल्ला. लगेच मायचा फोन. म्हने, बापू, तुह्या काकूनं कुरोड्यात तीळ कायले टाकले? मी फोटो बोटानं मोठा करून पाह्यला. तीळ कायचे, कोळशाची भुकटी होती, जागजागी बसलेली. काकूले दाखवलं त थे हासली, म्हने, तेलात गेलं का कोनाले दिसते? मी मायले म्हनलं, हो मा, इकडं टाकतात तीळ.

फोनात मायच्या छातीची घरघर ऐकू ये. मंग म्हने, काकूले सांग, वरून पातळ ओढनी झाकत जा म्हना. अन् तू बी तोंडाले रुमाल बांधत जा, बापू. मी काही येत नाही आता, गुडघे लय दुखून राह्यले.

गुडघे कायचे दुखतात ताई, वहिनीच सांगे, त्याच दिवशी माय शेजारनीच्या घरी दुपारपर्यंत पापड लाटत बसली होती. देव तिले असंच धडधाकट ठेवो. चाला, टँकर भरला असन, निघतो मी.