अम्मीचं आयोडीन

शाहूपुरीतला आमचा सलीम आठवतो का? बीएस्सीला फिजिक्समध्ये वर्गात पहिला असायचा. त्याच्या अम्मीला गळ्याच्या आजारासाठी मुंबईत किरणोत्सारी आयोडीन पाजलं. "थोडे दिवस लहान मुलांपासून लांब राहा," असं डॉक्टर म्हणाले. घरी तर सलीमची बहीण बाळंतपणाला आलेली, तिला नुकतीच मुलगी झालेली.

अम्मी मुंबईहून घरी आली, तेव्हा मी तिथंच बसलो होतो. अम्मीनं विचारलं, "हे अंगातनं कधी जाणार रं?"

सलीम रंगात आला. "आठ दिवसांत निम्मं हुतंय, पुढच्या आठ दिवसांत त्याच्या निम्मं. गणितानं बघितलं तर शून्य कधीच हुईत न्हाय."

अम्मीनं मान हलवली. त्यानंतर तीन महिने ती नातीला लांबूनच बघत राहिली. आजारानं थकली असेल, असं सगळ्यांना वाटलं. बहीण गगनबावड्याला सासरी गेली, त्या संध्याकाळी अम्मी म्हणाली, "एकदा मांडीवर घ्यायची हुती. पर तूच म्हणलास की, कधीच संपत न्हाय."

सलीमचा चेहरा उतरला. "अम्मी, ते कवाच नावापुरतं उरलं हुतं गं."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस्टीनं तो तिला गगनबावड्याला घेऊन गेला. मांडीवर ठेवल्याबरोबर पोर रडायला लागली, ती थांबेचना. अम्मीनं तिला लेकीकडं परत दिलं आणि म्हणाली, "बरोबर हाय तिचं. मला कुठं वळखती ती."